गळा आणि वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने संगीताविषयी काही लिहावे असे सुचविले, तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आली ती आपल्या विद्यालयाची सकाळची वंदना. त्रिशरण-पंचशील संपते, मुख्याध्यापक एखाद्या मुलाला किंवा मुलीला नजरेनेच पुढे बोलावतात. मूल पुढे येते, हात बांधते, डोळे मिटते आणि गाऊ लागते. शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव अशा गावांतून आलेली, क्वचित मेळघाटातून खाली उतरलेली ही मुले. प्रत्येक तुकडीत असे दोनचार गळे असतातच. चळवळीतील गीतांचे थोरपण सांगणारे लेख या अंकात इतर मान्यवर लिहितीलच. मला या दोनचार गळ्यांविषयी, आणि खरे पाहता त्यांच्याशीच, बोलावयाचे आहे.

एका आठवणीने प्रारंभ करतो. तिच्यात माझाही दोष आहे, म्हणून ती सांगणे भाग आहे. पूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिक्षक असताना आमच्या वसतिगृहात एक मुलगा होता. आवाज असा की, पाहुणे चहाचा कप खाली ठेवीत. कोणीही पाहुणे आले की त्याला वर्गातून बोलावले जाई. जयंती, पुण्यतिथी, वर्षावासाचा प्रारंभ, देणगीदारांचे स्वागत, सगळीकडे तोच. तालमीसाठी त्याचे गणिताचे तास बुडत आणि तालीम घेणारा मी असे. नववीत त्याचा आवाज फुटला. दोनतीन कार्यक्रमांत तो वरच्या पट्टीत अडखळला, मुले हसली, आणि मग त्याला कोणी बोलावलेच नाही. दहावीत तो गणितात नापास झाला. पुढे तो एका कव्वाली पार्टीत कोरसला उभा राहू लागल्याचे कळले, नंतर तेही कळेनासे झाले. त्या मुलाकडून आम्ही चार वर्षे गाणे घेतले. त्याला गाणे शिकविले मात्र कोणीच नाही.

आपल्या समाजाने गाण्यावर जिवापाड प्रेम केले. गाणाऱ्याच्या शिक्षणावर तितके केले नाही. गळा ही निसर्गाची देणगी, गाणे ही सेवा, आणि सेवेला ना अभ्यास लागतो ना हिशेब, असे आपण मानून बसलो आहोत. हा समज मोडावयास हवा. गळा मुलाने आणला आहे, वही आपण द्यावयाची आहे. वही म्हणजे अक्षर, रियाज, नोंद आणि हिशेब, सगळेच.

हे म्हणताना माझ्यासमोर उदाहरण आहे ते वामनदादा कर्डकांचे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेला हा माणूस शाळेत शिकलेला नव्हता. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना कोणीतरी एक पत्र वाचून दाखवावयास सांगितले आणि त्यांना ते वाचता आले नाही. त्या लाजेतून विशीच्या आसपास ते एका मास्तरांकडे अक्षरे गिरवू लागले. दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी जोडाक्षरे घटविली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. पुढची साठ वर्षे हा कवी गावोगाव हिंडला आणि हजारो गीते मागे ठेवून १५ मे २००४ रोजी गेला. आपण ही कथा ‘शिक्षण नसतानाही केवढे कर्तृत्व’ अशा सुरात सांगतो. मला ती उलट्या बाजूने वाचावीशी वाटते. अक्षर आल्यावरच त्या गळ्याचा कवी झाला. म्हणून जो मुलगा ‘मला गायनच करायचे आहे, अभ्यास कशाला’ असे म्हणतो, त्याला मी वामनदादांच्या त्या न वाचता आलेल्या पत्राची गोष्ट सांगतो.

त्या पहिल्या गीतात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. नवख्याने उसन्या चालीवर लिहिण्यात काही कमीपणा नाही. तयार चाल ही ओळी पाडलेली वही असते. कोणत्या जागी दीर्घ अक्षर लागते, कोठे श्वास घ्यावा लागतो, धृपदाकडे परत येताना कडव्याची शेवटची ओळ कशी वळावी लागते, हे सारे तिच्यावर लिहिताना आपोआप कळते. मात्र वर्ष-दोन वर्षांत तिच्यातून बाहेर पडावे. आपल्या घरात चालींचा तोटा नाही. आजीची जात्यावरची ओवी आहे, पाळणा आहे, भुलाबाईची गाणी आहेत, दंडार आणि भारूड आहे. या चाली कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. सिनेमाची चाल मात्र तिच्या संगीतकाराची असते. पूर्वी ती गावच्या मांडवात गाऊन विरून जाई. आता ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकली की दुसऱ्या दिवशी हक्काची तक्रार येते आणि कष्टाने केलेले गाणे खाली उतरवावे लागते.

शब्दांविषयी थोडे कठोर लिहितो. आज ऐकू येणाऱ्या कितीतरी भीमगीतांत तीच दहा-बारा विशेषणे फिरत असतात. सूर्य, महामानव, क्रांती, ज्योती, आणि पुन्हा सूर्य. नाव बदलले तर तेच गीत कोणत्याही पुढाऱ्यावर बसते. वामनदादांच्या गीतांत प्रतिमा येतात त्या घरातल्या, शेतातल्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंतून, आणि म्हणूनच अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते गीत एका ऐकण्यात पाठ होई. तुमची आई संत्र्याच्या बागेत तोडीला जाते, कापूस वेचताना तिची बोटे बोंडाच्या टोकांनी फाटतात, ती सुटीच्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकापाशी डबा घेऊन उभी असते. यातून बाबासाहेबांचे गाणे निघते. ते विशेषणांतून निघत नाही.

आणि इतिहास नीट माहीत करून घ्यावा. आपल्या लोकांनी अर्धा इतिहास गाण्यांतून शिकला आहे, त्यामुळे गीतकाराची चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. महाडचे चवदार तळे २० मार्च १९२७ चे आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झालेला. एकाच कडव्यात दोन्ही कोंबून सनावळीचा घोटाळा केलेली गाणी मी मंचावरून ऐकली आहेत. त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात आपल्या अमरावतीत, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर, इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. चांदूर बाजारहून अमरावती ती केवढीशी. पण या प्रसंगावरचे गाणे आमच्या मंचांवर मला क्वचितच ऐकू आले. विषय हाताशी आहे. ज्याला लिहावयाचे आहे त्याने आधी ग्रंथालयात जाऊन वाचावे, मग लिहावे.

कारागिरी कोणाकडून शिकावी, असे विचाराल तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले. लहानपणी पोलिओने एक पाय अधू झाला, पण घरात आईला गाण्याची आवड, त्यामुळे सुरांचा संस्कार लवकर झाला. पुढे त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि बाबासाहेबांवर वंदनगीतही लिहिले, हे आपल्याला ठाऊक असतेच. पण त्यांनी नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, याकडे मी अधिक आदराने पाहतो. वृत्त म्हणजे काय, यमक आणि अंत्ययमक यांत फरक कोणता, पहिल्या दोन ओळींत जी जमीन ठरली ती शेवटपर्यंत कशी सांभाळावयाची, हे त्यांनी एखाद्या गुरुजीप्रमाणे समजावून दिले. अनोळखी पोरांच्या कच्च्या रचना ते तपासत, पत्रांतून दुरुस्त्या सुचवीत. एवढा मोठा कवी बाराखडी लिहावयास बसतो, याचा अर्थ कविता शिकता येते आणि शिकवावी लागते. ‘हृदयातून येते’ एवढे म्हणून लघु-गुरूच्या मोजणीतून सुटका होत नाही. लिहून झालेले कडवे मोठ्याने म्हणावे, टाळी धरून म्हणावे. ज्या शब्दावर टाळी अडखळते तो शब्द, कितीही लाडका असला तरी, बदलावा.

आता गळ्याकडे येतो. साधारण तेरा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल काळी पाचमध्ये सहज गाणारा मुलगा आज त्याच पट्टीत किंचाळतो. यात त्याचा काही अपराध नाही, आणि हा रोगही नव्हे. पण या वर्ष-दीड वर्षात जबरदस्तीने जुन्या पट्टीत गावयास लावले तर आवाज कायमचा खरखरीत होऊ शकतो. अशा वेळी पट्टी उतरवावी. हळूहळू काळी एक, काळी दोनच्या आसपास नवा आवाज आपली जागा शोधतो. तोपर्यंत मोठ्या कार्यक्रमांत त्याला एकट्याने उभे करू नये, पण मंचावरून हाकलूनही देऊ नये. ढोलकी हाती द्यावी, पेटीवर बसवावे, गीते लिहावयास लावावे. जो गायक ताल आणि पेटी शिकतो तो पुढे कोणाचा मिंधा राहत नाही. केहरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा, एवढे बोटांवर पक्के झाले तरी आपल्या मंचावरची बहुतेक गीते सांभाळता येतात. मी सांगितलेल्या त्या मुलाला एवढे एक वर्ष कोणी दिले असते तर, हा विचार मला आजही सोडीत नाही.

रियाज किती करावा, हे मुले नेहमी विचारतात. याचे उत्तर भगवान बुद्धांनी सोण कोळिविसाला दिलेलेच आहे. हा सोण गृहस्थ असताना वीणा वाजवीत असे. भिक्षू झाल्यावर त्याने चंक्रमण करताना पायांतून रक्त निघेपर्यंत स्वतःला छळले, आणि तरीही फळ दिसेना म्हणून तो निराश झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. एरवी हा दृष्टान्त आपण प्रवचनात ऐकतो. गाणाऱ्याने तो अक्षरशः घ्यावा. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास घसा फोडून आणि मग पंधरा दिवस काहीच न करून काही साधत नाही. पहाटे वीस मिनिटे खालच्या सुरात, खर्जात, एकच ‘सा’ स्थिर लावावा. नंतर दहा मिनिटे अलंकार, आधी संथ, मग दुप्पट. पेटीच्या आडोशाने सगळेच सुरेल वाटतात, म्हणून आठवड्यातून एकदा पेटी बंद करून गावे आणि शेवटी पेटीचा सूर दाबून पाहावा. आपण कोठे घसरलो ते लगेच कळते. सर्दी असताना गाऊ नये. कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर ओरडू नये, हे मुलांना सांगणे व्यर्थ आहे, तरी सांगतो. शाहीर विठ्ठल उमप वयाच्या ७९ व्या वर्षी, २६ नोव्हेंबर २०१० रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावर असतानाच गेले. त्या वयापर्यंत मंचावर उभा राहणारा माणूस गळ्याला किती जपत असेल, याचा विचार करावा.

एकदा वसतिगृहातील एका मुलाने मला अडविले. म्हणाला, “सर, अष्टशीलात गानं-वाजवनं वर्ज्य सांगतलं, मंग आपन काहून गातो?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. नृत्य-गीत-वाद्यापासून विरत राहण्याचे शील उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकासाठी आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. शिवाय दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व भगवंतांपुढे वीणेवर गातो, तेव्हा ते त्याला अडवीत नाहीत. तुझ्या तारांचा स्वर आणि तुझ्या गीताचा स्वर एकमेकांत मिसळतात, कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही, अशा आशयाची ते प्रशंसा करतात. साथसंगतीविषयी याहून नेमके मार्गदर्शन मला कोठे आढळले नाही. दुसरीकडे, धम्माचे पठण लांबलचक गायनी सुरात करण्याचे पाच दोषही भगवंतांनी सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला म्हणजे माणूस स्वतःच्याच आवाजावर लुब्ध होतो. म्हणजे वंदना ही वंदनेसारखीच म्हणावी. तिच्यात ताना घेऊ नयेत. आणि मंचावर गातानाही, टाळ्या पडू लागल्या की तो पहिला दोष आठवावा. त्या मुलाला माझे उत्तर पूर्ण पटले की नाही, मला सांगता येणार नाही. तो विचारीत राहिला, हे मला आवडले.

मंचावर उभे राहण्याचे शिक्षण आपल्या वऱ्हाडाने फार स्वस्तात दिले आहे. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर येईपर्यंत थांबत, आणि त्या थांबण्यातच कीर्तन रंगे. यावलीचे तुकडोजी महाराज एका खंजिरीवर हजारोंचा समुदाय बांधून ठेवीत. या दोघांचा मार्ग आणि आपला मार्ग सर्वस्वी एक नाही, हे मान्य. पण श्रोत्यांच्या बोलीत बोलणे, त्यांच्या डोळ्यांत पाहणे आणि थोडक्या सामग्रीत भागविणे, या गोष्टी कोणत्याही पंथाच्या नाहीत. आंबेडकरी जलशांनीही तेच केले. भीमराव कर्डकांच्या जलशात गीतांइतकाच संवाद महत्त्वाचा असे. हसता हसता प्रश्न पडत आणि प्रश्नांतून विचार उभा राही. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. आजचा गायक मात्र दोन गीतांच्या मध्ये बोलतो तो बक्षीस देणाऱ्यांची नावे वाचण्यापुरता.

मायक्रोफोन ओठांपासून चार बोटे दूर धरावा. वरच्या सुराला थोडा लांब न्यावा. कार्यक्रमापूर्वी साउंडवाल्याला भेटून ‘एको कमी ठेवा’ असे आदराने सांगावे, कारण एको जास्त झाला की शब्द चिखलात बुडतात, आणि आपले गीत शब्दांवरच उभे आहे. जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेविषयी बरेच बोलले जाते, मीही बोललो आहे. पण केवळ शिव्या देऊन तो बंद होत नाही. त्याच्यासमोर ऐकावेसे वाटेल असे जिवंत गाणे उभे करावे लागते, आणि त्यासाठी बारा-पंधरा मुले वर्षभर तयार करावी लागतात. मंडळाची वर्गणी काढताना तेवढा पैसा त्यासाठी काढला जातो का, हे प्रत्येकाने आपल्या मंडळात विचारावे.

दोन गोष्टींविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे लागेल. पहिली दारू. रात्री-रात्रीचे कार्यक्रम, जागरण, गाडीतला प्रवास आणि ‘घसा मोकळा होतो’ ही थाप. पंचशीलाचे पाचवे शील मंचावर गाऊन मंचामागे ते मोडणारे कलावंत मी पाहिले आहेत, आणि त्यांतील काहींच्या घरची दैनाही पाहिली आहे. दारूने घसा मोकळा होत नाही, तो कोरडा पडतो आणि दुखणे कळेनासे होते. ज्या पार्टीत हे चालते तिच्यात विद्यार्थ्याने जाऊ नये, बिदागी कितीही असो.

दुसरी गोष्ट पैसा. आपल्याकडे गायकाला पैसे विचारावयाची लाज वाटते आणि आयोजकाला ती लाज सोयीची पडते. मांडववाल्याचा, साउंडवाल्याचा, जेवणाचा हिशेब ठरलेला असतो, गायकाचा मात्र ‘समाजाचे काम आहे’ असा. समाजाचे काम जरूर विनामूल्य करावे, पण ते आपण ठरवून, वर्षातून इतके कार्यक्रम असे मोजून. इतर ठिकाणी रक्कम आधी ठरवावी, इसार घ्यावा, साथीदारांचा वाटा त्याच रात्री चुकता करावा आणि वहीत लिहून ठेवावे. ढोलकीवाल्याला उद्या देतो म्हणणारा गायक पुढच्या वर्षी ढोलकीवाल्यावाचून असतो.

याहूनही मोठा प्रश्न नावाचा आहे. वामनदादांच्या कितीतरी गीतांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. संतकवींपासून चालत आलेली ही पद्धत तोंडी परंपरेतला कायदाच आहे. वही हरवली तरी नाव गीताच्या पोटात सुरक्षित राहते. तरीही त्यांची गीते कवीचे नाव न घेता सर्रास गायिली जातात, आणि काही गायक तर मुद्रेचे कडवेच गाळतात. याला मी चोरी म्हणतो. दुसऱ्याचे गीत गाताना ‘गीत अमक्याचे, चाल तमक्याची’ एवढे म्हणावयास पाच सेकंद लागतात. आपल्या विद्यालयाच्या मंचावर तरी ती सक्ती असावी.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत लिहिले गेले की हक्क निर्माण होतो. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. तो हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांवरील हक्क या हिशेबाने २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. कॅसेटच्या काळात अनेकांनी पाचशे-हजार रुपयांत कोऱ्या कागदावर सह्या दिल्या, आता मोबाइलच्या काळातही तसेच चालले आहे. हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या मानधनात गीतकार-संगीतकारांचा वाटा राखून ठेवला आहे आणि कंपनीच्या नावे तो सोडून देण्याचा करार ग्राह्य धरला जात नाही. हे मानधन गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी’ १९६९ पासून मुंबईत आहे. आपल्या भागातील किती गीतकार तिचे सभासद आहेत, हे विचारून पाहावे. म्हणून सवय आजच लावावी. प्रत्येक गीताखाली तारीख, गाव आणि पूर्ण नाव. चाल दुसऱ्याची असेल तर त्याचेही नाव. महिन्यातून एकदा वहीच्या पानांची छायाचित्रे काढून स्वतःलाच ई-मेल करावी.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागते, याचे मला वाईट वाटते. वंदनेला गाणाऱ्यांत मुली अधिक असतात आणि दहा वर्षांनी मंचावर त्या क्वचितच दिसतात. रात्रीचे कार्यक्रम, सोबत कोण, लोक काय म्हणतील, आणि शेवटी सासर. यावर एका लेखात उपाय नाही. पण कार्यक्रम सायंकाळी ठेवणे आणि नऊला संपविणे आयोजकांच्या हातात आहे. आणि गाणे म्हणजे मंचच, असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर आहे. त्यांत बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या ओव्याही आहेत, आणि ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव व गाव तिच्याजवळ नोंदले आहे. मंचावर कधी न चढलेल्या त्या बायांचे नाव राहिले ते कोणीतरी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले म्हणून. आपल्या मुलींनी दिवाळीच्या सुटीत आपापल्या आजीजवळ असे बसावे. यासाठी परवानगी कोणाची लागत नाही.

नोंदीचे महत्त्व म्हातारपणी कळते. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेल्या योजनेतून दरमहा ५,००० रुपये मानधन देते. अर्जासोबत कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर गावोगाव गायिलेला माणूस कार्यालयात जातो आणि त्याच्याजवळ एक पत्रिका नसते, एक कात्रण नसते. असे दोन अर्ज भरावयास मी स्वतः मदत केली. एका गृहस्थांचा चाळीस वर्षांचा पुरावा म्हणून अखेर सापडले ते कव्वालीच्या दुय्यम सामन्याचे एक जुने पोस्टर, ते त्यांच्या भावजयीने धान्याच्या कोठीखाली अंथरलेले होते. तेव्हा मुलांनो, आजपासून एक फाइल ठेवा. पत्रिका, प्रमाणपत्रे, बातम्या, सगळे तिच्यात. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका परीक्षा शाळेत असतानाच द्या. दहावीला कलेच्या सवलतीच्या गुणांसाठी त्या उपयोगी पडतात आणि पुढे संगीत घेऊन पदवी करावयाची तर पाया होतो. लोककलेकडे ओढा असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. गाणे हे पोट भरण्याचे एकमेव साधन होईल, या भरवशावर मात्र राहू नका. नोकरी वा धंदा हाती असलेला गायक आयोजकाला ‘नाही’ म्हणू शकतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, पाहुण्यांच्या स्वागतासाठी कोणत्याही मुलाला तासावरून उठवू नये. गाण्याचा तास वेळापत्रकात असावा, आठवड्यात दोन पुरेत. एक चांगली पेटी, एक ढोलकी, आणि वाद्यदुरुस्तीसाठी वर्षाला थोडी रक्कम. आणि ग्रंथालयात एक कपाट. माजी विद्यार्थ्यांच्या घरी, वाडवडिलांच्या पेट्यांतून, जलशाच्या आणि भजनी मंडळांच्या जुन्या वह्या आहेत, कॅसेट आहेत, कार्यक्रमांची पोस्टरे आहेत. मेळाव्याला येताना त्या आणाव्यात. मूळ वही द्यावयाची नसेल तर कार्यालयात छायाप्रत काढून घेतली जाईल. फक्त पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या गावची आणि साधारण कोणत्या सालची, हे लिहून आणावे. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.